एका कांबीच्या बारा चक्र्या

११ जून १९८८
नॅकनेक, अलास्का

नेल्स,

तू मागवलेलं रिव्हॉल्व्हर मी पाठवत नाहीये. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पार्सलची वाट बघत बसू नकोस.

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "तुझी चक्री त्याच कांबीतली आहे. बार काढू नकोस, परत पाठव." सही नाही की काही नाही. अक्षर वाकडं होतं, म्हणजे अजून डाव्या हाताने लिहितोयस. अंगठा वळायला लागला का? कानातली शिट्टी थांबली का? मार्व्हाला लिहायला सांग, तू बायकोलासुद्धा खरं सांगत नसशील, मला काय सांगणार.

मी माशांच्या कारखान्यात लागलोय. पट्ट्यावरून सॅमन येतात, त्यांची डोकी उडवायची. आठ दिवसांत तीन वेळा जागा बदलून घेतली. बेनितो म्हणून फिलिपिनो मुकादम आहे, तो काल म्हणाला, "तुझ्या बुडाखाली मुंग्या आहेत का रे? उभा असतोस तरी हलतोस!" मी म्हटलं, माझा भाऊ पण हेच म्हणतो. तर म्हणतो, "मग भावाला सांग, मुंग्यांचं औषध पाठव. इथे आम्हाला मिळत नाही."

रिव्हॉल्व्हर का पाठवत नाही, तर इथे अस्वलं आहेत. कारखान्याच्या मागे, माशांची घाण टाकतात तिथे रोज येतात. आणि दुसरं म्हणजे त्या चक्रीला काही झालेलं नाही. गेल्या रविवारी कचराडेपोच्या पलीकडे जाऊन पन्नास बार काढले, सगळे भारी काडतुसांचे. नंतर चक्रीतली काडतुसांची पाचही घरं पुसून उन्हात धरून पाहिली, केसाएवढी चीर नाही. रिकामी काडतुसं बोटाने निघतात. घर ताणलं गेलं तर काडतूस अडकतं, ठोकून काढावं लागतं, हे तूच शिकवलंस ना?

मार्व्हाने लिहिलंय की तू दहाही गिऱ्हाइकांना पत्रं टाकलीस. बार काढू नका, परत पाठवा, पोलाद मी जास्त कडक केलं, ठिसूळ झालं, चूक माझी. नेल्स, जरा थांबला असतास. एक चक्री फुटली म्हणून बाराही वाईट? ती पोलादाची कांब तू स्वतः निवडलीस, स्वतःच्या भट्टीत तापवलीस, तेलात बुडवताना मला दाराबाहेर उभं केलंस, वारा नको म्हणून. कधी तुझ्या हातून जास्त कडक झालंय काही?

त्या दिवसाबद्दल मला लिहायचं नाही. तू होतास, मी होतो, झालं ते झालं.

आयनर

५ जुलै १९८८
बोटीवरून

नेल्स,

कारखाना सोडला. बेनितोशी भांडण नाही, उगाच. आता एका बोटीवर आहे. कोळ्यांच्या होड्यांतला मासा उचलायचा आणि किनाऱ्यावर पोचवायचा. इथे निदान बूड टेकायला वेळच मिळत नाही.

काल चार जुलै म्हणून सगळ्या होड्यांनी फटाके उडवले. मी खाली जाऊन कानात कापूस घालून बसलो. खलाशी हसले, "मोंटानाचा बंदूकवाला फटाक्याला घाबरतो." आता गंमत बघ, माझ्या रिव्हॉल्व्हरचा आवाज त्या फटाक्यांच्या दसपट आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. तो आवाज कधी येणार ते मला माहीत असतं. जो माहीत नसतो तो नको वाटतो.

ओहोटीला बोट वाळूवर टेकते, तेव्हा चार-पाच तास हाताला काम नसतं. मी वाळूच्या दांड्यावर जातो. तिथे एक लाकडाचा ओंडका वाहून आलाय, त्यावर कोळशाने वर्तुळ काढलंय. ऐंशी पावलं. तू म्हणायचास तसं करतो, मूठ आवळायची नाही, हात ताठ धरायचा नाही, तिच्याशी भांडायचं नाही. तिला उठू द्यायचं. ती उठते, नळी आभाळाकडे जाते, मूठ तळव्यात फिरते आणि आपण होऊन खाली येते तोवर अंगठा घोड्यावर पोचलेला असतो. आपल्या अंगठ्याएवढी गोळी आणि तरी माझ्या हाताला फोड नाही. त्या मुठीचं लाकूड तू माझ्या हातावर तीन दिवस बसवत होतास, आठवतं? माझ्या हातावर काजळी फासायची, मूठ धरायला लावायची, काळं लागेल तिथे कानस. मी कंटाळून म्हटलं होतं, "लग्नाची अंगठी करतोयस का?" तर तू म्हणालास, "अंगठी काढून ठेवता येते. हा झटका तुझ्या मनगटात म्हातारपणापर्यंत राहणार आहे. बस गप."

काल पाच गोळ्यांचा एक गुच्छ आला, कॉफीच्या बशीत मावेल एवढा. ऐंशी पावलांवरून! हे वाईट पोलादाचं काम आहे का? पाच घरं तू एकेक करून नळीच्या रेषेत कोरलीस. कारखान्यातलं सहा घरांचं रिव्हॉल्व्हर आणून त्याची चक्रीच काढून फेकायची आणि जाड भिंतींची पाच घरांची स्वतः करायची, हे आपल्या खोऱ्यात दुसरं कोण करतं? तो पलीकडच्या गावचा हॅस्किन नवं रिव्हॉल्व्हर तपासताना टायरला बांधतो आणि झाडामागून दोरी ओढतो. तू कधी नाही बांधलंस. पहिले पाच बार तुझ्या हाताने. "ज्याच्या हातात देणार त्याच्याआधी माझ्या हातात." त्यापायीच तर

बोट हलली. आता मी प्रत्येक काडतुसाची दारू तोलतो, दहातून एक नाही, प्रत्येक. छोटा काटा बरोबर आणलाय. खलाशी म्हणतात सोनार आहे.

आयनर

३१ जुलै १९८८
डोरीचा तळ, नदीवर

नेल्स,

पत्ता परत बदलला. बोटही सोडली. विमानाने आत आलोय, डोरी म्हणून एक बाई आहे, तिचा मासेमारीचा तळ आहे. दक्षिणेकडचे पैसेवाले लोक आठवडाभर येतात, गळ टाकतात, फोटो काढतात. माझं काम म्हणजे त्यांच्या मागे उभं राहायचं, कमरेला रिव्हॉल्व्हर, आणि अस्वलावर लक्ष. उभं राहण्याचा पगार! तू हसशील. माझ्याबरोबर वासिली आहे, इथलाच, युपिक जमातीचा, साठीचा असेल. होडी तो चालवतो. अस्वलाचं नाव घेत नाही, 'मालक' म्हणतो. "मालक आले, गळ गुंडाळा." पहिल्या दिवशी माझं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन बघितलं, घोडा मागे-पुढे केला, कानाशी नेऊन चक्री फिरवली आणि म्हणाला, "ज्याने केलं त्याला झोप कमी लागत असणार."

मार्व्हाचं पत्र मला फिरून फिरून आज मिळालं. तू काय करतोयस?

ती लिहिते की सहा रिव्हॉल्व्हरं परत आली. तू त्यातली दोन हॅस्किनच्या टायरला बांधून, दुप्पट नव्हे पण जितकी भरता येईल तितकी दारू भरून तपासलीस. दोन्ही टिकली. मग सुटला ना विषय? तर म्हणे तू आणखीच बिथरलास. म्हणालास, दोन टिकतात आणि एक फुटतं, म्हणजे कुठलं फुटेल ते मला ओळखता येत नाही, म्हणजे मी लोकांच्या हातात काय देतोय ते मलाच माहीत नाही. आणि आता अधूनमधून एखादी चक्री काढून, शिकंज्यात धरून, मधोमध कापतोस. करवतीची पाती मोडतात म्हणून कापायचं चाक लावलंयस. पाती मोडतात ती पोलाद चांगलं आहे म्हणून, नेल्स!

आणि लेथ विकतोयस. तीन सप्टेंबरच्या शनिवारी बोझमनहून माणूस ट्रक घेऊन येणार. मग तू धान्याच्या कोठारावर नोकरी धरणार. तू, धान्याच्या कोठारावर! मार्व्हा लिहिते, "तो काही बोलत नाही. जेवतो, उठतो. मी बागेत जाऊन बसते. या वर्षी टोमॅटो इतके आलेत की वेलींना आधार पुरत नाही, आणि घरात एक माणूस खात नाही."

मी सांगतो ते ऐक. पोलादात काही नव्हतं. मला तसं वाटतं. मला खात्री आहे. कशावरून ते विचारू नकोस, मी ती रोज हातात धरतो त्यावरून. ट्रकवाल्याला नको म्हण. निदान चक्र्या कापू नकोस.

डोरीकडे रेडिओ-फोन आहे, पण एकच वाहिनी, आणि नदीवरचे सगळे तळ कान लावून बसलेले असतात. गेल्या आठवड्यात एकाच्या बायकोने त्याला सोडलं ते सगळ्या खोऱ्याने ऐकलं. तेव्हा पत्रच बरं.

आयनर

२२ ऑगस्ट १९८८, सोमवार
डोरीचा तळ

नेल्स,

हे पत्र मी उभ्याने लिहितोय, पिंपावर कागद ठेवून. बसलो तर उठून जाईन.

आज सकाळी प्रेविट म्हणून एक दातांचा डॉक्टर, टोलेडोचा, त्याला घेऊन आम्ही वरच्या वळणावर गेलो होतो. त्याच्या गळाला मासा, तो गुडघाभर पाण्यात, तोंडाने "आला आला" चाललेलं. मागच्या झुडपातून मादी आली, दोन पिल्लं मागे. गुरगुरली नाही, काही नाही, कान मागे आणि सरळ धावली. वासिली ओरडला, "दोरी काप!" डॉक्टर मासा सोडेना. मी पुढे झालो आणि तिच्या पायांपुढच्या गोट्यांत एक बार काढला. दगडांचा फवारा तिच्या तोंडावर. थांबली. दुसरा काढला. वळली आणि पिल्लांना ढकलत निघून गेली. तीन गोळ्या चक्रीत उरल्या होत्या आणि माझा हात हलत नव्हता. तुला माहीत आहे मी एरवी कसा हलतो.

डॉक्टर पाण्यातच बसला होता. मग हसायला लागला, मग काठावर आला आणि म्हणाला, "दाखव ते." मी रिकामं करून दिलं. त्याच्याकडे घरी महागड्या बंदुका आहेत, त्याला कळतं. चक्रीच्या भिंती बघितल्या, मूठ बघितली, घोड्याचं नक्षीदार टोक अंगठ्याने चाचपलं.

"कुणी बनवलं?"

"माझ्या भावाने."

"मला एक हवं. असंच. पत्ता दे."

"तो बंद करतोय."

"असा माणूस बंद करतो? का?"

आणि नेल्स, माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? मी म्हटलं, "पोलाद वाईट लागलं त्याला. एक फुटलं."

डॉक्टरने ते रिव्हॉल्व्हर हळूच दगडावर ठेवलं आणि हात विजारीला पुसला. दोन मिनिटांपूर्वी त्याच रिव्हॉल्व्हरने त्याचा जीव वाचवला होता.

वासिली होडीत गळ गुंडाळत होता. वर न बघता म्हणाला, "वाईट पोलाद. आणि तू रोज चाळीस बार काढतोस, तेही तोंडासमोर धरून. एक तर तू वेडा आहेस, नाहीतर खोटारडा. वेडा तर वाटत नाहीस."

मी रिव्हॉल्व्हर उचललं. होडीत बसून परत आलो. डॉक्टर माझ्यापासून जरा लांब बसला.

तर ऐक. सलग लिहितो, मध्ये थांबलो तर हे पत्रही बाकीच्यांसारखं होईल.

एप्रिलचा तो शुक्रवार. मी हलकी काडतुसं भरत होतो, मार्व्हाच्या छोट्या रिव्हॉल्व्हरची, झटकन पेटणाऱ्या दारूने. टेबलावर एका वेळी एकच डबा, हा तुझा नियम. मी दोन काढून ठेवले होते, कारण हलकी झाली की लगेच भारी भरायची होती, म्हणजे सकाळी तुझ्या नव्या बाराव्या रिव्हॉल्व्हरला काडतुसं तयार. साडेचारला गाडीचा भोंगा वाजला. गावात घोड्यांचा बाजार होता, मला जायचं होतं. मापट्यात, दारू मोजून सोडणाऱ्या नळकांड्यात, हलक्या काडतुसांची तेज दारू अर्धी उरलेली. ती मी डब्यात परत ओतली, झाकण लावलं आणि पळालो.

दुसऱ्या डब्यात ओतली, नेल्स. भारीच्या, संथ जळणाऱ्या दारूच्या डब्यात. वरचा थर सगळा तेज.

सकाळी तू म्हणालास, पाच भरून दे. मी त्याच डब्यातून मापट्यात ओतली आणि पाच भरली. तोलली नाहीत. पहिल्या पाचांना काय तोलायचं, मापट्याची खूण भारीवर लावलीच आहे. तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होतो. संथ दारूचे दाणे खसखशीसारखे गोल, तेजच्या चपट्या पाकळ्या, आंधळ्याला बोटाने कळेल. मी बघितलंच नाही.

तू पहिला बार काढलास.

तुला मार्व्हा आणि हॅस्किन दवाखान्यात घेऊन गेले तेव्हा मी दुकानात एकटा होतो. चक्रीचा वरचा अर्धा भाग छतात रुतला होता, फ्रेमची पट्टी धनुष्यासारखी वाकली होती. खालच्या घरांत दोन काडतुसं शाबूत राहिली होती. मी ती उघडली. पाकळ्या. मग डबा उघडला, वर पाकळ्या, खाली खसखस. ते सगळं मी मागच्या दाराने नेऊन मार्व्हाने नुकत्याच खणलेल्या वाफ्यात ओतलं आणि मातीत कालवलं. त्याचं खत होतं म्हणतात. होतं, तिने लिहिलंय तसं. ती दोन काडतुसं नदीत टाकली.

तू दवाखान्यातून आलास, हाताला एवढं मोठं बँडेज, आणि एकदाच विचारलंस. "डबा बरोबर होता? तोललीस?" मी म्हटलं, हो, दोन्ही. तू मान हलवलीस आणि म्हणालास, "मग पोलाद." आणि परत कधी विचारलं नाहीस. दुसऱ्या कुणी विचारलं तर म्हणायचास, "आयनरने तोललेली होती." तुझ्या त्या वाक्यामुळे मी घर सोडलं. तू ओरडला असतास, संशय घेतला असतास, तर मी सांगून टाकलं असतं. खरंच टाकलं असतं का ते मला माहीत नाही.

पोलाद चांगलं होतं. बाराही चांगल्या होत्या. तेवढ्या दारूला कुठलीच चक्री टिकली नसती.

आता हे लिहून झाल्यावर मोजतोय. टपालाचं विमान गुरुवारी. तिथून तुझ्यापर्यंत बारा दिवस. लेथवाला तीनला येणार. पत्र सहाला पोचेल.

मी डोरीकडे जातो.

२३ ऑगस्ट १९८८
डोरीचा तळ

नेल्स,

काल आपण बोललो, तरी लिहितो, कारण तिकडे तुला काय ऐकू आलं आणि काय खरखरीत गेलं मला माहीत नाही.

मी गेलो तेव्हा डोरी पीठ मळत होती. म्हटलं, मोंटानाला बोलायचंय. ती म्हणाली, "पाच मिनिटं. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. शिव्या द्यायच्या नाहीत, खालच्या तळावर पाद्रीणबाई असतात." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बरं, दहा मिनिटं," आणि पिठाचे हात घेऊन बाहेर जाऊन उभी राहिली. तिने बाहेर जाऊन काय उपयोग, सगळी नदी आत होती.

आधी मार्व्हाने उचलला. "आयनर? बाई गं, तू आहेस कुठे? जेवतोस का?" मी म्हटलं, नेल्सला दे. ती म्हणाली, तो दुकानात आहे, चाक चालू आहे. म्हटलं, आत्ता दे. धावत जा. चाक बंद कर.

मग तुझा श्वास ऐकू आला.

मी सगळं सांगितलं, कालच्या पत्रात लिहिलंय तसंच, फक्त उलटसुलट. दोनदा बटण सोडायचं विसरलो आणि तू बोलत असशील तर मला कळलं नाही. मग तू विचारलंस, "किती उरली होती मापट्यात?" मी म्हटलं, अर्धी. "पाचही त्यातलीच?" हो. "दोन उघडलीस तेव्हा नुसत्या पाकळ्या होत्या, की मिसळलेल्या?" नुसत्या. तू गिऱ्हाइकाला विचारतोस त्या आवाजात विचारत होतास. त्याचा मला त्रास झाला, आणि बरंही वाटलं, का ते सांगता येणार नाही.

मग तू म्हणालास, "मी तुला विचारलं होतं."

मी बटण दाबलं. मग म्हटलं, हो.

खरखर. मला वाटलं लाइन गेली. मग तू म्हणालास, "चार कापल्या मी. चौथी आत्ता शिकंज्यात आहे, अर्धी."

मी म्हटलं, उरलेल्या?

तू म्हणालास, "लेथवाल्याला फोन करतो." आणि ठेवलास. मला शिवी नाही, ये नाही, येऊ नको नाही.

वाहिनी चालूच होती. सात तळ, नॅकनेकचं दुकान, बोटी, सगळे तिथेच होते, मला माहीत आहे. मग खालून पाद्रीणबाईंचा आवाज आला, अगदी साधा, "डोरी, तुझ्याकडे साखर आहे का गं जास्तीची? आमची ओली झाली." डोरी आत आली, माझ्या हातातून बटण घेतलं आणि म्हणाली, "आहे. दहा पौंड. उद्या वासिलीबरोबर पाठवते." मी उठून बाहेर गेलो.

आज सकाळी डॉक्टर प्रेविट नाश्त्याला माझ्यासमोर येऊन बसला. त्यानेही ऐकलं असणार, पातळ भिंती. ताट पुढे सरकवलं, म्हणाला, "पत्ता लिहून दे." मी त्याच्या गळाच्या डबीवर लिहून दिला. तो तुला लिहील. घ्यायचं काम की नाही ते तुझं तू ठरव, माझ्या भिडेखातर नको.

 आज होडीत वासिलीने मला मागे बसायला सांगितलं, वल्ह्याच्या जागी, जिथे तो कुणाला बसू देत नाही.

आयनर

१४ सप्टेंबर १९८८
डोरीचा तळ

श्री. बर्डेट किमझी यांस,

तुम्ही मला ओळखता, पण नाव लक्षात नसेल. गेल्या हिवाळ्यात तुम्ही वायोमिंगहून विलो फोर्डला नेल्स हॉगनच्या दुकानात आलात, तेव्हा मुठीचं लाकूड मी घासत होतो. तुमची करंगळी मुठीखाली निसटत होती म्हणून तुम्ही म्हणालात, "लाकूड वाढव नाहीतर माझं बोट काप." मी नेल्सचा धाकटा भाऊ.

नेल्सने मला दहा नावांची यादी पाठवली. तुमचं पहिलं, कारण तुमची चक्री त्याने पहिली कापली. यादीच्या खाली लिहिलंय, "दहा पत्रं, तुझ्या हाताने. माफी एकदाच माग, बाकी जे झालं ते लिही." दुसरं काही लिहिलेलं नाही. म्हणून मी तसंच लिहितो. शाळा सातवीत सोडली, चुका झाल्या तर वाचून घ्या.

मे महिन्यात नेल्सने तुम्हाला कळवलं की त्याने पोलाद जास्त कडक केलं आणि तुमचं रिव्हॉल्व्हर धोक्याचं आहे. ते खरं नव्हतं. त्याला खरं माहीत नव्हतं. त्याच्या हातात जे फुटलं त्यातलं काडतूस मी भरलं होतं, चुकीच्या दारूने, न तोलता. त्याने मला विचारलं आणि मी खोटं सांगितलं. चार महिने मी ते खोटं चालू ठेवलं. त्या खोट्यावर विश्वास ठेवून तुम्ही रिव्हॉल्व्हर परत पाठवलंत आणि त्याने तुमची चक्री दोन तुकडे करून टाकली. ती चांगली होती. तिच्याच कांबीतली दुसरी माझ्या कमरेला आहे, तिने या उन्हाळ्यात हजाराच्या वर बार सोसलेत. मला माफ करा.

तुमची नवी चक्री नेल्स करतोय. लेथ दुकानातच आहे, गेला नाही. त्याचा अंगठा नीट चालत नाही, म्हणून वेळ लागेल, वसंतापर्यंत धरा. या शरद ऋतूत तुम्हाला शिकारीच्या लोकांना घेऊन डोंगरात तिच्याशिवाय जावं लागणार, आणि तुमच्या त्या वाटेवर अस्वलं आहेत हे मला माहीत आहे.  रायफल खांद्यावर ठेवा, खोगिराला बांधू नका.

एक काम मात्र तुमच्याकडे मागतो, माझ्यासाठी नाही. तुम्ही ते पत्र वाचल्यावर चार जणांना सांगितलं असेल, तळावर, घोडेबाजारात, बंदुकीच्या दुकानात, की हॉगनचं पोलाद फुटतं. मी पण सांगितलं असतं. आता ज्यांना ज्यांना सांगितलंत त्यांना परत सांगा, की पोलाद शाबूत होतं आणि चूक दारू भरणाऱ्याची होती. फक्त सांगताना पहिलं नाव नीट घ्या. आडनाव आमचं दोघांचं एकच आहे.

आयनर हॉगन